प्रार्थनास्थळातील हवा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मागील अंकात बंद जागेतील हवेविषयी लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतील बरीचशी प्रार्थनास्थळांविषयी होती. धर्म आणि पंथ वेगवेगळे असले तरी तक्रारी मात्र आश्चर्य वाटावे इतक्या सारख्या आहेत. त्यांतील सहा पत्रे येथे घेतली आहेत. पहिले पत्र क्रमाने शेवटी आले होते; ते आधी का घेतले, हे वाचकांच्या लगेच लक्षात येईल.

प्रश्न : आमची प्रार्थनेची खोली तळघरात आहे. थंडीच्या दिवसांत पहाटेच्या प्रार्थनेआधी तेथे कोळशाची शेगडी पेटवून ठेवतो आणि त्याच निखाऱ्यांवर धूप घालतो. अर्ध्या-पाऊण तासाने माझे डोके जड होते, मळमळते आणि बाहेर आल्यावर थोड्या वेळाने बरे वाटते. पित्ताची औषधे घेऊन झाली. बोटाला लावायच्या यंत्रावर प्राणवायूची पातळी व्यवस्थित दिसते. हा धुपाचा त्रास असावा का?

उत्तर : ही शेगडी आज रात्रीच खोलीबाहेर न्यावी. आपण वर्णन केलेली लक्षणे धुपाची कमी आणि कार्बन मोनॉक्साइडची अधिक वाटतात. धुमसणारा कोळसा हा वायू मोठ्या प्रमाणात सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. बोटाला लावायचे साधे यंत्र प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन आणि या वायूने व्यापलेले हिमोग्लोबिन यांत फरक करू शकत नाही, म्हणून त्यावर ९८ टक्के असा आकडा दिसला तरी तो खोटा दिलासा ठरतो. बंद खोलीत डोके दुखणे आणि मोकळ्या हवेत आल्यावर उतरणे, ही या विषबाधेची ओळखीची खूण आहे. एकाच वेळी खोलीतील इतर कोणाला तसाच त्रास होत असेल, तर शंकेला जागा फार कमी उरते.

डॉक्टरांना शेगडीविषयी स्पष्ट सांगावे आणि रक्तातील कार्बॉक्सिहिमोग्लोबिनची, म्हणजे या वायूने व्यापलेल्या हिमोग्लोबिनची, तपासणी करावी का, हे विचारावे. ती त्रास होत असतानाच किंवा त्यानंतर लगेच करावी लागते, कारण मोकळ्या हवेत हे प्रमाण साधारण चार ते पाच तासांत निम्म्यावर येते आणि दुसऱ्या दिवशी अहवाल अगदी निर्दोष येऊ शकतो. धूप घालायचाच असेल तर निखारे मोकळ्या जागेत ठेवावेत. यापुढे तळघरात कोणतीही ज्योत किंवा निखारा राहणार असेल, तर कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र बसवल्याशिवाय तेथे कोणाला बसू देऊ नये.

प्रश्न : मी बारा वर्षांपासून एका प्रार्थनास्थळात सेवेकरी आहे. आतल्या छोट्या खोलीत रोज सहा तास तरी बसतो. खोलीला एकच दार आहे आणि दिवसभर उदबत्त्या, धूप, तेलाचे दिवे चालू असतात. अलीकडे सकाळचा खोकला जात नाही आणि डोळे चुरचुरतात. व्यवस्थापनाचे म्हणणे असे की आमचा धूप पूर्णपणे नैसर्गिक आहे, त्याने हवा शुद्धच होते, आणि भाविकांपैकी कोणीही तक्रार केलेली नाही.

उत्तर : भाविकांपैकी कोणी तक्रार केलेली नाही, याचे कारण आपल्या पत्रातच आहे. भाविक आत येतो, दोन-पाच मिनिटे थांबतो आणि बाहेर पडतो. आपण सहा तास तेथेच असता. हवेचा त्रास ठरवताना ती किती मळलेली आहे याइतकेच ती किती वेळ श्वासात गेली हे महत्त्वाचे असते, आणि प्रार्थनास्थळांच्या बाबतीत हा दुसरा भाग जवळजवळ नेहमीच विसरला जातो.

एक हिशेब करून पाहू. समजा, त्या खोलीत २.५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कणांचे प्रमाण घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅम आहे आणि बाहेर सर्वत्र २० आहे. पंधरा मिनिटे थांबलेल्या माणसाची चोवीस तासांची सरासरी २६ च्या आसपास येते. सहा तास बसलेल्याची १६५ येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये चोवीस तासांसाठी सुचवलेली पातळी १५ आहे. खोली तीच, धूप तोच, पण खोलीमुळे पडणारा जादा भार चोवीस पट. यातील ६०० हा आकडा मी हिशेबापुरता घेतला आहे, तरी तो अवास्तव नाही. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये एका चॅपेलमधील, म्हणजे छोट्या ख्रिस्ती प्रार्थनागृहातील, मोजणी प्रसिद्ध केली होती. तेथे नऊ तास मेणबत्त्या जळल्यानंतर दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे प्रमाण घनमीटरला ६०० ते १००० मायक्रोग्रॅमपर्यंत गेले होते.

आता 'नैसर्गिक' या शब्दाविषयी. धुपात राळ, लाकडाचा भुसा आणि सुगंधी मुळे आहेत की कृत्रिम अत्तर आहे, याने वास बदलतो आणि काही विशिष्ट रसायनांचे प्रमाणही बदलते. पण धूर होतो तो ज्वलन अर्धवट राहिल्यामुळे. कोणतीही वनस्पती धुमसत ठेवली की सूक्ष्म कण, कार्बन मोनॉक्साइड, बेंझिन, फॉर्माल्डिहाइड आणि बेंझोपायरीनसारखी संयुगे तयार होतातच. यांतील शेवटच्या तिन्ही पदार्थांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. वजनाशी वजन तोलले तर उदबत्ती सिगारेटपेक्षा जास्त कण सोडते : जळलेल्या प्रत्येक ग्रॅममागे सिगारेटमधून सुमारे १० मिलिग्रॅम, तर उदबत्तीतून सरासरी ४५ मिलिग्रॅमहून अधिक. त्यांतले बहुतेक कण एका मायक्रॉनहूनही लहान असल्यामुळे ते नाकात अडकत नाहीत आणि तोंडाला बांधलेल्या रुमालानेही अडत नाहीत.

घाबरवण्याचा हेतू नाही, म्हणून पुराव्याची मर्यादाही सांगतो. सिंगापूरमध्ये ६१,३२० चिनी वंशाच्या प्रौढांची नोंदणी १९९३ ते १९९८ या काळात झाली आणि २००५ पर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दीर्घकाळ उदबत्ती जाळणाऱ्यांत वरच्या श्वसनमार्गाच्या काही कर्करोगांचे प्रमाण जास्त आढळले. फुप्फुसाच्या कर्करोगात एकूण अशी वाढ दिसली नाही, मात्र श्वसनमार्गाच्या स्क्वॅमस, म्हणजे चपट्या, पेशींपासून होणाऱ्या कर्करोगाच्या प्रकारात दिसली. हा अभ्यास घरांतील वापराचा होता. बंद खोलीत रोज सहा तास बसणाऱ्या सेवेकऱ्याचा भार त्याहून कमी असेल, असे मानायला मला काही आधार दिसत नाही.

उपायांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिला उपाय जळणाऱ्या वस्तू कमी करण्याचा, कारण त्याला यंत्र लागत नाही आणि परिणाम त्याच दिवशी दिसतो. प्रत्येकाने आपापली उदबत्ती लावण्याऐवजी सर्वांच्या वतीने एकच लावावी, आणि धुपाचे पात्र खोलीबाहेर, उघड्यावर न्यावे. दुसरा उपाय धूर जेथे निघतो तेथूनच तो उचलण्याचा : पात्राच्या थेट वर पत्र्याचे छत आणि त्यातून छपराबाहेर जाणारे धुराडे. भिंतीवर कोठेतरी बसवलेला बाहेर फेकणारा पंखा याला पर्याय होत नाही, कारण तोवर धूर आपल्या नाकासमोरून जाऊन आलेला असतो. तसेच एकच दार असलेल्या खोलीत दार लोटून पंखा चालवला तर तो नुसता फिरत राहतो. आत हवा येण्याची वाट असेल तरच बाहेर जाईल. हे तपासायला पातळ कागदाची एक पट्टी पुरते. दाराच्या फटीजवळ ती धरावी. पंखा चालू असताना ती ठामपणे आत ओढली गेली पाहिजे. लोंबकळत राहिली, तर पंख्याचा आवाज तेवढा आहे आणि काम नाही.

छताचा पंखा मात्र उदबत्तीवर येऊ देऊ नये. वारा लागताच तिचे टोक लालबुंद होते, ती भरभर जळते आणि तिचा धूर सगळ्या खोलीत कालवला जातो. दिव्याचेही तसेच आहे. ज्योत स्थिर असेल तर काजळी थोडी, ज्योत फडफडली की काळी शेपटी उठते. वात लांब वाढू देऊ नये, वेळोवेळी खुडावी. आणि मेणबत्ती फुंकून विझवू नये. फुंकल्यावर वातीतून जी पांढरी रेघ वर जाते, ती न जळलेल्या मेणाची वाफ आणि धूर असतो. धातूची टोपी घालून ती विझवली तर हे बरेच टळते.

खोकला तीन आठवड्यांहून अधिक टिकला असल्यास छातीच्या डॉक्टरांना अवश्य दाखवावे आणि आपण धूम्रपान करत नसलात तरी रोजचे सहा तास कसे जातात, हे त्यांना न विचारता सांगावे.

प्रश्न : समितीने सभागृहासाठी दोन एअर प्युरिफायर घेतले. सभागृह १५ मीटर लांब, १० मीटर रुंद आणि ५ मीटर उंच आहे. सहा महिन्यांत काहीच फरक जाणवला नाही. यंत्रे सदोष असतील का?

उत्तर : यंत्रे बहुधा चांगलीच असतील; खोली त्यांच्या मानाने फार मोठी आहे. आपल्या सभागृहात ७५० घनमीटर हवा मावते. धूर होणाऱ्या जागेत तासाला निदान चार वेळा हवा गाळली जावी असे धरले, तर ताशी ३,००० घनमीटर गाळलेली हवा लागेल. घरगुती यंत्र साधारणपणे ताशी ३०० ते ४०० घनमीटर देते, आणि तेही सर्वांत मोठ्या आवाजाच्या वेगावर. म्हणजे आठ ते दहा यंत्रे हवीत, आणि प्रार्थनेच्या वेळी तो आवाज कोणी चालू देणार नाही. मला वाटते, दोन यंत्रे आतल्या लहान खोलीत हलवावीत. तेथे ती खरोखर उपयोगी पडतील.

यंत्र निवडताना हेपा गाळणी (अतिसूक्ष्म कणही अडवणारी दाट गाळणी) आणि शुद्ध हवेचा ताशी दर एवढेच पाहावे. ओझोन सोडणारे यंत्र माणसे बसणार असलेल्या जागेत मुळीच चालवू नये, कारण ओझोन स्वतःच श्वसनमार्गाला अपाय करतो. आणि कोणतीही हेपा गाळणी कण अडवते, कार्बन डायऑक्साइड किंवा कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. त्यासाठी बाहेरची हवा आत यावीच लागते.

प्रश्न : आमच्याकडे धूप जाळतच नाहीत. तरीही गर्दीच्या दिवशी प्रवचनाच्या उत्तरार्धात लोक पेंगतात, काहींना गरगरते. सभागृह वातानुकूलित आहे आणि बाहेरचा गोंगाट नको म्हणून खिडक्या बंद असतात. एसी असताना हवा कोंदट कशी होईल?

उत्तर : भिंतीवर लावलेला नेहमीचा एसी खोलीतीलच हवा पुन्हापुन्हा थंड करतो, बाहेरची हवा तो आत आणत नाही. ही गैरसमजूत इतकी पसरलेली आहे की वास्तुरचनाकारांशी बोलतानाही मला ती आढळली आहे. थंडाव्यामुळे कोंदटपणा जाणवत नाही आणि म्हणून खिडकी उघडावी असे कोणाला सुचत नाही, हा त्यातला अधिकचा तोटा.

वरच्या पत्रातील सभागृहच उदाहरणाला घेऊ आणि त्यात दीडशे माणसे बसवू. शांत बसलेला प्रौढ माणूस तासाला सुमारे १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. खिडक्या-दारे घट्ट बंद असतील, तर मोकळ्या हवेतील ४२० च्या आसपासचे दशलक्षांश प्रमाण (हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे किती भाग) अर्ध्या तासात २,२०० आणि तासाभरात ४,००० वर जाईल. सामुदायिक गायन सुरू झाले की त्याहून लवकर. मेणबत्त्यांचाही यात वाटा असतो : साधी मेणबत्ती तासाला सुमारे दहा लिटर हा वायू सोडते, म्हणजे दोन मेणबत्त्या एका माणसाबरोबर. या पातळीला हा वायू विषारी नसतो. पण आपण एकमेकांनी सोडलेली हवाच किती प्रमाणात पुन्हा घेत आहोत, याचे ते सर्वांत सोपे माप आहे. पेंग, गरगरणे यांत उष्मा आणि गर्दी यांचाही भाग असतो.

ही गोष्ट केवळ पेंगण्यापुरती नाही. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील स्कॅगिट येथे एका गायनवृंदाचा अडीच तासांचा सराव चर्चच्या सभागृहात झाला. हजर असलेल्या ६१ जणांपैकी ५३ जण कोविडने आजारी पडले, त्यांतील काहींचे निदान लक्षणांवरून झाले, आणि दोघे दगावले. एकत्र गाणे, जवळ बसणे आणि बंद हवा, या तीन गोष्टी प्रार्थनास्थळात नेहमीच एकत्र येतात.

अमेरिकेतील ॲश्रे या अभियंत्यांच्या संस्थेचे वायुवीजनाचे प्रचलित मानक प्रार्थनास्थळासाठी माणशी सेकंदाला २.५ लिटर आणि शिवाय दर चौरस मीटरला ०.३ लिटर बाहेरची हवा मागते. वरच्या सभागृहात तेवढी हवा दिली, तरी गर्दी बराच वेळ बसल्यास कार्बन डायऑक्साइड २,२०० च्या आसपास स्थिरावतो. म्हणून हा आकडा मी किमान मानतो, पुरेसा मानत नाही. हा वायू मोजणारे छोटे यंत्र घ्यावे, ते खिडकी-दारापासून दूर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर ठेवावे आणि १,००० ओलांडताच समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. गोंगाट अगदीच असह्य असेल, तर दोन सत्रांमध्ये दहा-पंधरा मिनिटे सगळी दारे सताड उघडी ठेवावीत. त्याचाही परिणाम मोठा असतो. कायमचा इलाज म्हणजे आवाज शोषणारी नळी लावून बाहेरची हवा आत आणणारा पंखा.

प्रश्न : जुन्या इमारतीतील भित्तिचित्रे काळवंडत आहेत. काळेपणा सर्वत्र सारखा नसून छतातील तुळयांच्या रेषा उमटल्यासारखा दिसतो. ओल्या फडक्याने पुसावे का?

उत्तर : पुसू नये. ओल्या फडक्याने काजळी गिलाव्याच्या छिद्रांत आणखी खोल जाते आणि रंगाचा थरही निघू शकतो. हे काम संवर्धनतज्ज्ञांचेच आहे. आपण टिपलेल्या रेषांचे कारण तापमानात आहे. काजळीचे कण उबदार हवेतून थंड पृष्ठभागाकडे सरकतात, त्यामुळे भिंतीचा जो भाग अधिक गार, तो अधिक काळा होतो, आणि गिलाव्यामागची रचना वर चित्रासारखी उमटते.

व्हॅटिकनमधील सिस्टिन चॅपेलच्या छताची आणि वेदीमागील भिंतीची सफाई १९८० ते १९९४ या काळात झाली, तेव्हा शतकानुशतकांची काजळी आणि जुन्या डागडुजीतील सरस निघून इतके उजळ रंग बाहेर आले की अनेक जाणकारांना ते खरे वाटेनात. पुढे प्रेक्षकांचा श्वास, घाम आणि कपड्यांवरची धूळ हीच मोठी चिंता ठरली. २०१४ मध्ये तेथे नवी वातानुकूलन यंत्रणा बसवली गेली आणि एका वेळी आत असणाऱ्यांची संख्या दोन हजारांपर्यंत मर्यादित ठेवण्याचे ठरले. आपल्याकडे एवढी यंत्रणा नसली तरी ज्योती चित्रांपासून दूर नेणे आजच शक्य आहे. चित्रांना जे काळे करते, तेच भिंतीशी बसणाऱ्याच्या छातीतही जाते, हेही समितीला सांगावे.

प्रश्न : आपण सांगता ते सर्व पटते, पण समितीतील ज्येष्ठांपुढे धुराचा विषय काढला की तो श्रद्धेवरचा आघात ठरतो. काय करावे?

उत्तर : त्यांच्या मनातील भीती खरी आहे, ती खोटी ठरवून संवाद होणार नाही. सुगंध आणि ज्योत यांच्याशी माणसांच्या आईवडिलांच्या आठवणी जोडलेल्या असतात, आणि त्या काढून घेतल्या जात आहेत असे वाटले की कोणताही आकडा ऐकू येत नाही. म्हणून बंदीची भाषा आपण वापरू नये, असे माझे मत आहे. मात्र बदल धर्माच्या आतूनही होतो, हे सांगता येईल. तैवानच्या तैपेईमधील शिंगत्येन मंदिराने ऑगस्ट २०१४ मध्ये उदबत्त्या जाळणे स्वतःहून थांबवले आणि भाविकांना केवळ हात जोडून प्रार्थना करण्यास सांगितले. मंदिर आजही गजबजलेले असते.

मी आणखी एक करून पाहीन. सूक्ष्म कण मोजणारे एक यंत्र आणावे आणि ते आठवडाभर दाराशी किंवा कार्यालयात न ठेवता, सर्वांत जास्त वेळ आत बसणाऱ्या सेवेकऱ्याच्या आसनाशेजारी ठेवावे. हवेत फार दमटपणा असेल तर अशी यंत्रे आकडा वाढवून दाखवतात, म्हणून तेच यंत्र रोज काही वेळ बाहेर ठेवून दोन्ही आकडे लिहावेत. कोणत्या वेळी काय पेटवले, याची वहीत समोरच नोंद करावी. मग ती वही समितीपुढे ठेवताना त्या सेवेकऱ्यालाही बैठकीला बोलवावे आणि त्याला आधी बोलू द्यावे. मला आलेल्या पत्रांवरून असे दिसते की वर्षानुवर्षे तेथे बसणाऱ्या या माणसांना, तुम्हाला श्वास घ्यायला त्रास होतो का, हे बहुतेक ठिकाणी अजून कोणी विचारलेलेच नाही.